तेलाची विद्युत परीक्षा

शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हाला अधूनमधून येतो. तेथे एक उपकरण हमखास भेटते : 'इंधनातील भेसळ ओळखणारे यंत्र'. अशाच एका प्रदर्शनात नववीतल्या दोन विद्यार्थ्यांनी एकात एक बसणाऱ्या धातूच्या दोन नळ्या घेतल्या होत्या आणि त्यांच्या मधल्या फटीत पेट्रोल ओतण्याची सोय केली होती. नळ्यांना एक छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल जोडलेले होते. शुद्ध पेट्रोल ओतले की हिरवा दिवा लागे आणि रॉकेल मिसळलेले पेट्रोल ओतले की तांबडा. सकाळी दहा वाजता यंत्राने एकही चूक केली नाही. दुपारी तीन वाजता आम्ही पुन्हा तेथे गेलो, तेव्हा पत्र्याचा मांडव चांगलाच तापला होता आणि भेसळीच्या नमुन्यालाही हिरवाच दिवा लागत होता. मुले रडकुंडीला आली होती. त्यांचे शिक्षक म्हणाले, "सर, सकाळी अगदी बरोबर चालत होतं हो!"

आम्ही मंडल तपासले. जोडण्या पक्क्या होत्या, बॅटरीही ठीक होती. यंत्र बिघडलेले नव्हतेच. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते सकाळी आणि दुपारी सारख्याच प्रामाणिकपणे देत होते. मुलांनी त्या उत्तराचा अर्थ मात्र गरजेपेक्षा जास्त लावला होता. हा प्रश्न नेमका कोणता, आणि त्याच्या उत्तरावरून इंधनाविषयी व वंगणाविषयी काय सांगता येते, ते आपण या लेखात पाहू.

धारित्र काय मोजते?

दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींना न टेकवता समोरासमोर ठेवल्या की धारित्र तयार होते. पट्ट्यांना बॅटरी जोडली, की एकीवर धन आणि दुसरीवर ऋण विद्युतभार साठतो. मधल्या जागेत हवेऐवजी तेल भरले, तर तेवढ्याच दाबाच्या बॅटरीने जास्त विद्युतभार साठतो. किती पट जास्त, हे सांगणारी संख्या म्हणजे त्या तेलाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक. मायकेल फॅरडे यांनी 1837 मध्ये एकात एक बसवलेले धातूचे गोल वापरून असे प्रयोग केले होते. त्या मुलांच्या नळ्या म्हणजे फॅरडेंच्या गोलांचीच धाकटी भावंडे म्हणायला हरकत नाही. धारकतेच्या एककाला 'फॅरड' हे नाव त्यांच्यावरूनच मिळाले.

विद्युतभार जास्त का साठतो? तेल विद्युतवाहक नसले, तरी त्याच्या रेणूंत इलेक्ट्रॉन असतातच. पट्ट्यांमधील विद्युतक्षेत्रात हे इलेक्ट्रॉन धन पट्टीच्या बाजूला किंचित सरकतात. त्यामुळे क्षेत्र थोडे क्षीण होते आणि पट्ट्यांवर आणखी विद्युतभार मावू शकतो. हा झाला पहिला प्रकार. तो सर्व पदार्थांत घडतो.

दुसरा प्रकार काही ठरावीक रेणूंतच दिसतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची बाजू थोडी ऋण, तर हायड्रोजनची बाजू थोडी धन असते. अशा रेणूंना ध्रुवीय रेणू म्हणतात. विद्युतक्षेत्र लावले, की ते होकायंत्राच्या सुईसारखे क्षेत्राच्या दिशेने वळू पाहतात. या वळण्याचा परिणाम इलेक्ट्रॉन सरकण्याच्या परिणामापेक्षा पुष्कळ मोठा असतो. ध्रुवीय रेणूंची ही कल्पना पीटर डिबाय यांनी 1912 मध्ये मांडली. पुढे 1936 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

आता काही आकडे पाहू. हवेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक जवळजवळ 1 आहे. पेट्रोलचा सुमारे 2.0, रॉकेलचा 2.1, डिझेलचा 2.1 ते 2.2 आणि इंजिनात घालायच्या कोऱ्या खनिज तेलाचा 2.2 ते 2.4. ही सगळी मंडळी हायड्रोकार्बनांच्या कुटुंबातली आणि जवळजवळ अध्रुवीय. इथेनॉलचा मात्र सुमारे 25, तर पाण्याचा 20 अंश सेल्सियसला 80.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना एक छोटा ताळा करायला द्यावा. मॅक्सवेल यांच्या सिद्धांतानुसार डायइलेक्ट्रिक स्थिरांक हा अपवर्तनांकाच्या वर्गाएवढा यायला हवा. बेंझीनचा अपवर्तनांक 1.50, त्याचा वर्ग 2.25. प्रत्यक्ष स्थिरांक 2.28, म्हणजे ताळा जमला. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, त्याचा वर्ग 1.77, आणि प्रत्यक्ष स्थिरांक 80! मॅक्सवेल चुकले का? नाही. प्रकाशाचे विद्युतक्षेत्र सेकंदाला काही शे लक्ष कोटी वेळा दिशा बदलते. एवढ्या घाईत पाण्याच्या रेणूला वळायला सवडच मिळत नाही. त्यामुळे प्रकाशाला फक्त पहिला प्रकार 'दिसतो', तर धारित्राला दोन्ही प्रकार दिसतात. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

तापमानाच्या आड लपलेली भेसळ

पेट्रोल, रॉकेल आणि डिझेल यांच्या स्थिरांकांत फरक का पडतो? रेणू तर एकाच जातीचे आहेत. फरक आहे तो मुख्यतः एका घनसेंटिमीटरमध्ये द्रव्य किती कोंबले आहे याचा. क्लॉशियस आणि मोसोटी यांच्या नावाचे एक सूत्र आहे : स्थिरांकातून 1 वजा करा, स्थिरांकात 2 मिळवा, आणि पहिल्या संख्येला दुसरीने भागा. अध्रुवीय द्रवासाठी हा भागाकार घनतेच्या प्रमाणात असतो. पेट्रोलचा स्थिरांक 2.0 धरला तर भागाकार 0.25 येतो. पेट्रोलची घनता 0.74 आणि रॉकेलची 0.80 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरून त्रैराशिक मांडले, तर रॉकेलचा भागाकार 0.27 आणि त्यावरून स्थिरांक 2.11 येतो. वर दिलेला आकडाही जवळपास तेवढाच आहे.

याचा अर्थ काय? हायड्रोकार्बनांच्या बाबतीत डायइलेक्ट्रिक स्थिरांक मोजणे म्हणजे आडवाटेने घनता मोजणे होय. मुलांचे यंत्र हे वेष पालटलेले घनतामापकच होते.

घनता तर तापमानाने बदलते. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग प्रसरण पावते. तापमान 10 अंशांनी वाढले, की घनता सुमारे एक टक्क्याने घटते आणि वरील सूत्राप्रमाणे स्थिरांक जवळजवळ 0.015 ने कमी होतो. आता भेसळीचा हिशेब करू. पेट्रोलमध्ये 15 टक्के रॉकेल मिसळले, तर स्थिरांक जवळजवळ 0.015 ने वाढतो. म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत मांडव दहा अंशांनी तापला, की 15 टक्के भेसळ यंत्राच्या दृष्टीने नाहीशी होते. मुलांच्या दिव्याचे कोडे असे सुटते.

हे कोडे प्रदर्शनापुरते नाही. रेशनचे रॉकेल डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त होते, त्या काळात या भेसळीचा मोठा धंदा चाले. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनाची भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. ज्या प्रश्नापायी माणसाचा जीव गेला, त्याचे उत्तर एका दिव्याच्या भरवशावर देता येत नाही. खोटा हिरवा दिवा गुन्हेगाराला सोडतो आणि खोटा तांबडा दिवा निर्दोष पंपचालकाला चोर ठरवतो.

म्हणून प्रत्यक्षात अनेक परीक्षा एकत्र घेतात. घनता मोजून ती कोष्टकाने 15 अंश सेल्सियसच्या घनतेत बदलून घेतात, म्हणजे तापमानाचा पडदा दूर होतो. ऊर्ध्वपातन करून कोणत्या तापमानाला किती भाग उकळून जातो, ते पाहतात. पेट्रोल साधारण 210 अंशांच्या आत संपते, तर रॉकेलचा बराच भाग त्यापुढेही मागे रेंगाळतो. पंपावर ग्राहकाला फिल्टर पेपरची परीक्षाही मागता येते. कागदावर टाकलेला पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. डिझेलमध्ये मिसळलेले रॉकेल ओळखणे याहून अवघड, कारण दोघांचे उत्कलनाचे पल्ले बरेचसे एकमेकांवर येतात.

मात्र हाच 'दोष' दुसरीकडे गुण ठरतो. मोठ्या विमानांच्या टाक्यांत इंधन मोजण्यासाठी उभी नळीदार धारित्रे बसवलेली असतात. इंधनाची पातळी वाढली, की धारकता वाढते. पण वैमानिकाला लिटरपेक्षा किलोग्रॅम महत्त्वाचे, कारण इंजिनाला मिळणारी ऊर्जा वस्तुमानावर ठरते. थंडीने इंधन आकुंचन पावले तर पातळी घटते, पण घनतेबरोबर स्थिरांक वाढतो आणि चूक बऱ्याच अंशी आपोआप भरून निघते. स्थिरांक घनतेच्या मागोमाग जातो, ही गोष्ट येथे उपयोगी पडते.

जेथे वीज ठामपणे बोलते

जेथे मिसळलेला पदार्थ मूळ इंधनाहून फार वेगळा असतो, तेथे विद्युत परीक्षा खरी तळपते. आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांमुळे हा विषय आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. देशात 2022 मध्ये 10 टक्के आणि 2025 मध्ये सरासरी 20 टक्के मिश्रणाचे लक्ष्य गाठले गेले. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला 14.7 किलोग्रॅम हवा लागते, तर तेवढ्याच इथेनॉलला 9 किलोग्रॅम पुरते. त्यामुळे कोणत्याही प्रमाणातले मिश्रण चालणाऱ्या गाडीला टाकीत इथेनॉल किती आहे हे कळावे लागते. अशा काही गाड्यांच्या इंधननळीत एक छोटे धारित्र असते. पेट्रोलचा स्थिरांक 2 आणि इथेनॉलचा 25 असल्याने येथे तापमानाची कुरबुर दुय्यम ठरते. तरीही संवेदक तापमान मोजतोच. प्रचलित संवेदकांपैकी एक प्रकार इथेनॉल शून्य असेल तर सेकंदाला 50 विद्युत स्पंद पाठवतो आणि शंभर टक्के असेल तर 150. तापमान तो स्पंदांच्या रुंदीतून कळवतो.

येथे एक सावधगिरी हवी. 20 टक्के इथेनॉल म्हणून 2 आणि 25 यांची सरळ सरासरी काढली, तर उत्तर चुकते. इथेनॉलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून राहतात आणि मिश्रणात एकेकटे असल्यासारखे वागत नाहीत. म्हणून माहीत प्रमाणाची मिश्रणे आधी यंत्राला 'दाखवून' आलेख तयार करावा लागतो.

पाण्याचेही तसेच. तेलात एक टक्का पाणी बारीक थेंबांच्या रूपात पसरले, तर 80 चा शंभरावा भाग म्हणून स्थिरांक 0.8 ने वाढेल असे वाटते. प्रत्यक्षात वाढ 0.07 च्या आसपास होते. प्रत्येक थेंबाभोवती तेलाचे वेष्टण असल्याने बाहेरचे क्षेत्र थेंबाच्या आत फारसे शिरत नाही. तरीसुद्धा ही वाढ तापमानातल्या सुमारे चाळीस अंशांच्या फरकाएवढी आहे, म्हणजे सहज पकडता येण्याजोगी. पाणी टाकीच्या तळाशी वेगळे साचले असेल आणि धारित्र वर असेल, तर मात्र त्याला काहीच कळणार नाही. नमुना कोठून घेतला, याला म्हणूनच महत्त्व आहे.

इंजिनातले तेल म्हातारे होते तेव्हा

वंगणाची गोष्ट इंधनापेक्षा गुंतागुंतीची आहे, कारण ते वापरात असताना बदलत जाते. तापलेल्या इंजिनात तेलाचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते. त्यातून तयार होणारी आम्ले आणि इतर संयुगे ध्रुवीय असतात, म्हणून स्थिरांक वाढतो. ज्वलनातून आलेली काजळी तो वाढवते. शीतकाचे पाणी गळून तेलात आले तरी तो वाढतो. उलट, न जळालेले डिझेल तेलात उतरले, तर तेल पातळ होते आणि स्थिरांक किंचित घटतो.

समजा, एखाद्या ट्रकच्या तेलात काजळीही वाढली आणि डिझेलही उतरले. एक वाढ आणि एक घट मिळून स्थिरांक जागच्या जागी राहील. यंत्र म्हणेल, सारे ठीक आहे. इकडे पातळ झालेल्या तेलामुळे बेअरिंगा झिजत असतील. थर्मामीटर ताप आहे एवढेच सांगतो. हिवताप की विषमज्वर, ते डॉक्टरने इतर लक्षणांवरून आणि रक्त तपासून ठरवायचे असते. वंगणाचेही तसेच आहे.

यावर दोन उपाय करतात. पहिला उपाय म्हणजे एकाच इंजिनाचे तेल वेळोवेळी मोजून त्याचा आलेख ठेवणे. कोऱ्या तेलाचा स्थिरांक कंपनीगणिक वेगळा असतो, त्यामुळे सुटा आकडा फारसे सांगत नाही. आकडा हळूहळू चढत गेला तर तेल जुने होते आहे, आणि एकाएकी उडी मारली तर पाणी शिरले असावे, असा अंदाज बांधता येतो. दुसरा उपाय म्हणजे तेलाला आणखी एक प्रश्न विचारणे.

दुसरा प्रश्न : वीज किती झिरपते?

आतापर्यंत आपण फक्त विद्युतभार किती साठतो हे पाहिले. तेलातून किती वीज झिरपते, म्हणजे त्याची वाहकता किती, हा स्वतंत्र प्रश्न आहे. वाहकता आयनांवर आणि विद्युतभार वाहणाऱ्या सूक्ष्म कणांवर अवलंबून असते. प्रत्यावर्ती विद्युतदाबाची वारंवारता बदलत नेली, तर आणखी तपशील कळतो. वर आपण पाहिले, की वेगाने बदलणाऱ्या क्षेत्रात पाण्याचे रेणू मागे पडतात. तसेच येथेही आहे. मंद वारंवारतेला आयनांचा प्रवास ठळक होतो, तर जलद वारंवारतेला फक्त रेणूंचे ध्रुवीकरण उरते. दोन-तीन वारंवारतांना मोजमाप घेतले, तर काही कारणे एकमेकांपासून वेगळी करता येतात. त्याला तापमान आणि तेलाच्या दाटपणाच्या मोजमापाची जोड दिली, की निदान बरेच भरवशाचे होते.

वाहकतेचे महत्त्व विमानाच्या इंधनात विशेष जाणवते. नळीतून आणि गाळणीतून वेगाने वाहताना इंधनावर स्थितिक विद्युतभार जमतो. तो लवकर ओसरला नाही तर ठिणगी पडू शकते. अतिशुद्ध हायड्रोकार्बन इंधनाची वाहकता 1 पिकोसीमेन्स प्रति मीटर इतकी कमी असू शकते. तेव्हा विद्युतभार ओसरण्याचा काळ सुमारे 18 सेकंद येतो. त्यात विशिष्ट रसायन अगदी थोडे घालून वाहकता 50 पर्यंत नेली, की हाच काळ अर्ध्या सेकंदाच्या आत येतो. एक पिको म्हणजे एक लाख कोटीवा भाग. असल्या क्षुल्लक प्रवाहावर टाकीची सुरक्षितता अवलंबून असते.

वर्गात करून पाहा

पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेल वर्गात आणि प्रदर्शनात उघड्यावर हाताळू नये, हे आम्ही त्या शिक्षकांनाही सांगितले. तत्त्व समजायला शेंगदाण्याचे तेल पुरेसे आहे.

दहा सेंटिमीटर बाजूचे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन चौरस घ्या. कोपऱ्यांवर 2 मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे तुकडे ठेवून ते समोरासमोर बांधा. धारकता मोजणाऱ्या मल्टिमीटरला तारांनी जोडा. सूत्राने हवेतली धारकता सुमारे 44 पिकोफॅरड येते. मीटर त्याहून जास्त दाखवील, कारण तारांची स्वतःची धारकता त्यात मिसळते. म्हणून पट्ट्या सोडवून फक्त तारांचा आकडा लिहून घ्या आणि तो प्रत्येक वेळी वजा करा. मग पट्ट्या तेलात पूर्ण बुडवा. आकडा जवळजवळ तिप्पट होईल, कारण खाद्यतेलाचा स्थिरांक 3 च्या आसपास असतो. तो पेट्रोलपेक्षा जास्त का, हे विद्यार्थ्यांना विचारा. तेलाच्या रेणूतील ऑक्सिजनकडे त्यांचे लक्ष वेधा.

आता तेलाचे भांडे गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा, आणि दर पाच अंशांना धारकता नोंदवून आलेख काढा. फरक थोडा असतो, म्हणून वाचने तीन-तीनदा घ्या. शेवटी, वारंवार तळणासाठी वापरलेले तेल गार करून, गाळून, त्याच तापमानाला मोजा. तळणाने तेलात ध्रुवीय संयुगे वाढतात. आपल्या देशात 1 जुलै 2018 पासून अशा संयुगांचे प्रमाण 25 टक्क्यांहून जास्त झालेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरण्यास मनाई आहे, आणि ते जागेवर तपासणारी हातातली यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

त्या दोन विद्यार्थ्यांना आम्ही बक्षीस नाकारले नाही. फक्त पुढच्या वर्षी यंत्रात दोन गोष्टी वाढवायला सांगितल्या. एक, नळीत बुडणारा तापमापक. दुसरी, हिरव्या आणि तांबड्याच्या मधोमध एक पिवळा दिवा. 'एवढ्या मोजमापावरून सांगता येत नाही' असे यंत्राला म्हणायचे असेल, तेव्हा तो लागावा. मोठ्या मुलाने वहीत लिहून घेतले आणि विचारले, "सर, पिवळा दिवा कुठून कुठपर्यंत लावायचा, ते कसं ठरवायचं?" हा प्रश्न आम्हाला सकाळच्या बिनचूक दिव्यापेक्षा जास्त आवडला. त्याचे उत्तर शोधायला त्याला तेलाच्या त्या आलेखापासूनच सुरुवात करावी लागेल.